विंडोज नसलेला संगणक घेताना: हिशेब, खरेदी आणि पहिल्यांदा सुरू करणे

कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा स्टेशन रोडकडच्या दुकानांत चौकशी केली की एकाच नावाच्या लॅपटॉपचे दोन भाव निघतात. महाग तो विंडोजसह, स्वस्त तो ‘डॉसवाला’. फरक काही हजारांचा असतो आणि त्याच्या मागोमाग दुकानदाराचं वाक्य येतं, ‘डॉसचा घेऊन जावा, विंडोज आम्ही टाकून देतोय की!’ हे ऐकून जे पैसे वाचले असं वाटतं, ते बऱ्याचदा वाचलेले नसतात. ऑपरेटिंग सिस्टिम नसलेला संगणक हा खरोखर चांगला सौदा आहे, पण आत काय घालायचं हे दुकानाची पायरी चढण्याआधी ज्याचं ठरलेलं आहे त्याच्यासाठी. ज्याचं ठरलेलं नाही त्यानं विंडोजवालाच घ्यावा.

‘डॉस’ लिहिलेल्या खोक्यात काय असतं

खोक्यावर किंवा ऑनलाइन यादीत ‘डॉस’, ‘फ्रीडॉस’, ‘नो ओएस’, ‘लिनक्स’, ‘उबुंटू’ यांपैकी काहीतरी लिहिलेलं असतं. फ्रीडॉस हा मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉसला पर्याय म्हणून जिम हॉल यांनी १९९४ साली सुरू केलेला मोफत प्रकल्प आहे. मशीन सुरू केलं की काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर दिसतो. त्यात वायफाय नाही, ब्राउझर नाही, टचपॅडही चालत नाही. कंपनी ते घालते ते फक्त मशीन सुरू होतं हे दाखवण्यापुरतं, त्यामुळे तो काळा पडदा म्हणजे बिघाड नव्हे.

‘उबुंटू’ लिहिलेलं मॉडेल मात्र वेगळं. कंपनीनं स्वतः लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम; उबुंटू आणि मिंट हे तिचेच प्रकार) घालून विकलं आहे, म्हणजे वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं या गोष्टी तिनं लिनक्सवर तपासलेल्या असण्याची शक्यता बरीच जास्त. लिनक्सच वापरायचं असेल आणि भाव सारखा असेल तर डॉसपेक्षा हे मॉडेल घ्यावं. हार्डवेअरची वॉरंटी तिन्ही प्रकारांत सारखीच असते. दुसरी सिस्टिम घातली म्हणून ती जात नाही.

आधी कागदावर हिशेब

विंडोज ११ होमचा रिटेल परवाना वेगळा विकत घ्यायचा तर साधारण दहा हजार रुपयांच्या घरात जातो, प्रोचा त्याहून बराच वर. लॅपटॉप कंपनीला तोच परवाना घाऊक भावात पडतो, म्हणून विंडोजसह आणि विंडोजशिवाय अशा मॉडेलांतला फरक त्यापेक्षा खूप कमी असतो. म्हणजे विंडोज हवंच असेल तर डॉसवाला घेऊन वर परवाना घेणं हा तोट्याचा व्यवहार आहे. त्यात विंडोजवाल्या मॉडेलांबरोबर कित्येकदा ऑफिसही येतं, ते वेगळंच.

फायदा कोणाचा? ज्याला लिनक्स वापरायचं आहे त्याचा: शिवाजी विद्यापीठात किंवा इंजिनिअरिंगला शिकणारा, प्रोग्रॅमिंग करणारा, ब्राउझर, मेल आणि लिब्रेऑफिसवर ज्याचं काम भागतं तो. ज्याच्याकडे आधीच्या संगणकाचा रिटेल परवाना शिल्लक आहे त्याचा. आणि सुटे भाग घेऊन मशीन जुळवणाऱ्याचा, कारण तिथे सिस्टिम नसतेच.

तोटा कोणाचा हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. गूळ मार्केटमधल्या पेढीवर टॅली चालतं, आणि टॅली प्राइम विंडोजसाठीच बनलेलं आहे. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत ड्रॉइंग काढणाऱ्यांचं ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्सही लिनक्ससाठी निघत नाही. श्रीलिपीवर पत्रिका आणि हँडबिलं जुळवणारा डीटीपीवाला, बोटाचे ठसे घेणारं यंत्र जोडून बसणारा सेवा केंद्रचालक, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन रोज वापरणारा कर सल्लागार, या सगळ्यांनी विंडोजसह येणारंच मशीन घ्यावं. लिनक्सवर यांतलं काही काही चालवता येतं, पण महिनाअखेरीला रिटर्न भरायच्या वेळी ‘काही काही’ कामाचं नसतं.

परवान्याचे तीन प्रकार डोक्यात पक्के हवेत. ओईएम परवाना, म्हणजे मशीनसोबत आलेला, पहिल्या मदरबोर्डला चिकटतो. बोर्ड बदलला की संपला. रिटेल परवाना जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो, मात्र एका वेळी एकाच ठिकाणी. तिसरा व्हॉल्यूम, म्हणजे संस्थांसाठीचा, आणि त्यात एक खाच आहे जी भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. व्हॉल्यूममधला विंडोज प्रोचा परवाना हा ‘अपग्रेड’चा असतो, मशीनवर आधीपासून अस्सल विंडोज असेल तरच तो लागू होतो. एखाद्या पतसंस्थेनं किंवा दूध संस्थेनं स्वस्त पडतात म्हणून वीस डॉसवाले संगणक घेतले आणि वर व्हॉल्यूम परवाने घेतले, तर कागदोपत्री ती वीसही मशीनं विनापरवाना ठरतात. अशा मशीनांसाठी मायक्रोसॉफ्टचा ‘गेट जेन्युइन विंडोज अ‍ॅग्रीमेंट’ हा वेगळा परवाना आहे. कोटेशन मागताना पुरवठादाराला त्याचं नाव घेऊन विचारा.

आता ऑनलाइन पाचशे-हजाराला मिळणाऱ्या ‘लाइफटाइम की’ (की म्हणजे परवान्याचा अक्षर-आकड्यांचा क्रमांक). त्या बहुतेक व्हॉल्यूमच्या किंवा इतर कुणासाठी दिलेल्या कीमधून फोडलेल्या असतात. आज चालते, सहा महिन्यांनी बंद पडते, आणि चालली तरी परवाना तुमच्या नावावर नसतोच. जुन्या संगणकावरच्या विंडोज ७ च्या स्टिकरचाही आता उपयोग नाही. त्या कीवर नवं विंडोज सुरू करण्याची वाट मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

आणि दुकानदार ‘टाकून देतो’ ते विंडोज? परवान्याचं बिल देत नसेल तर ते अ‍ॅक्टिव्हेटरनं, म्हणजे परवाना आहे असं विंडोजला भासवणाऱ्या प्रोग्रॅमनं, उघडलेलं असतं. अ‍ॅक्टिव्हेटर चालावा म्हणून विंडोज डिफेंडर बंद करावा लागतो किंवा त्याला अपवाद नेमून द्यावा लागतो. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार करायचे त्याचं दार असं पहिल्याच दिवशी उघडं राहतं. कायद्याचंही पाहा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. घरच्या वापराला ती सवलत मिळू शकते, पेढीला मिळत नाही.

आधीच टाकून घेतलेलं विंडोज कसलं आहे हे ओळखायला विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. रनच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘एसएलएमजीआर’ लिहा, एक जागा सोडा, मग उजवीकडे कललेली रेघ आणि तिला लागून ‘एक्सपीआर’. खिडकीत ‘पर्मनंटली अ‍ॅक्टिव्हेटेड’ऐवजी पुढची एखादी तारीख दिसली तर ते केएमएस पद्धतीचं, १८० दिवसांच्या मुदतीचं अ‍ॅक्टिव्हेशन आहे. ते संस्था आपल्या सर्व्हरमार्फत आपल्या संगणकांसाठी वापरतात, घरच्या लॅपटॉपवर ते असायचं काही कारण नाही. उलटं मात्र खरं नाही: ‘पर्मनंट’ दिसलं म्हणजे परवाना अस्सल, असं धरून चालू नका. अस्सलपणाचा पुरावा बिल.

विसार देण्याआधी

डॉसचं मॉडेल कोल्हापुरात दुकानात हजर असेलच असं नाही; बऱ्याचदा ते पुण्याहून किंवा मुंबईहून मागवावं लागतं. म्हणून विसार देण्याआधी पूर्ण पार्ट नंबर लिहून घ्या. मालिकेचं नाव सांगून भागत नाही, कारण एकाच मालिकेत डझनभर उपप्रकार असतात आणि कोणत्या उपप्रकारात विंडोज, कोणात डॉस, कोणात कुठला पडदा हे त्या शेवटच्या अक्षरांवर ठरतं. माल आला की खोक्यावरचा नंबर त्याच्याशी ताडून पाहा.

डॉसची मॉडेलं स्वस्त असतात त्याचं एक कारण असंही असतं की इतर गोष्टींतही हात आखडलेला असतो. पडदा २२० किंवा २५० निट्सचा (निट हे उजेडाचं माप) आणि ४५ टक्के एनटीएससीचा, म्हणजे रंग फिके; दिवसा खिडकीपाशी बसून काम करणाऱ्याला तो मंद वाटणार. ८ जीबी रॅम, तीही एकाच पट्टीत. ही रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे का आणि मोकळा स्लॉट आहे का हे नक्की विचारा. मोकळा स्लॉट असेल तर आणखी ८ जीबीची पट्टी टाकून दोन चॅनेल होतात आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा वेग जाणवण्याइतका वाढतो.

लिनक्स घालायचं असेल तर सगळ्यात आधी वायफायची चिप पाहावी. प्रोसेसरपेक्षाही आधी, कारण प्रोसेसर कुठलाही चालतो. इंटेलच्या चिपा बिनबोभाट चालतात. मीडियाटेकची एमटी७९२१ चांगली चालते, पण नावात फक्त दोन आकडे वेगळे असलेल्या एमटी७९०२ ला बराच काळ लिनक्समध्ये ड्रायव्हरच (चिप चालवणारा प्रोग्रॅम) नव्हता, आणि ती स्वस्त लॅपटॉपांत सर्रास सापडते. रिअलटेकच्या ८८२१सीई आणि ८८५२बीई जुन्या कर्नलवर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) त्रास देतात. चिप नडली तरी घाबरायचं कारण नाही: कार्ड सुटं, एम.२ २२३० आकाराचं असेल तर ते काढून इंटेलचं एएक्स२१० बसवता येतं. एएक्स२१० इंटेल आणि एएमडी दोन्ही मशीनांवर चालतं. दिसायला तसंच असलेलं एएक्स२०१ किंवा एएक्स२११ मात्र ठरावीक इंटेल मशीनांवरच चालतं, एएमडीवर नाही. कार्ड बोर्डावर सोल्डर केलेलं असेल तर हा उपाय नाही. बोटाच्या ठशाचा सेन्सर लिनक्सवर चालेल या भरवशावर तर कोणतंच मशीन घेऊ नये.

दुकानात जाताना लिनक्स मिंटचा पेन ड्राइव्ह घेऊन जा, तो कसा बनवायचा ते पुढे येतं. डॉसचं मशीन दुकानात तपासायचा हा एकच खरा मार्ग आहे, कारण काळ्या पडद्यावर काहीच कळत नाही. इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच सिस्टिम सुरू करा आणि दहा मिनिटं द्या. मोबाइलचा हॉटस्पॉट पकडतो का, आवाज येतो का, उजेड कमीजास्त करण्याची बटणं चालतात का, कॅमेरा ब्राउझरमध्ये दिसतो का, सगळे यूएसबी पोर्ट जिवंत आहेत का. झाकण मिटून मिनिटभरानं उघडा. पडदा पुन्हा आला नाही तर तो मॉडेल सोडून द्या. पांढरं आणि काळं चित्र पूर्ण पडद्यावर लावून मृत ठिपके पाहा. दुकानदार कुरकुर करील, पण आत काहीच बदलत नाही हे दाखवलं की बहुतेक जण तयार होतात. ऑनलाइन घेतलं असेल तर हीच तपासणी परतीची मुदत संपायच्या आत घरी करायची, आणि खोकं फोडतानाचं चित्रीकरण ठेवायचं.

बिलावर सीरियल नंबर आणि मॉडेल हवं, जीएसटी १८ टक्के (केंद्राचा ९, राज्याचा ९). नोंदणीकृत व्यापारी असाल तर तुमचा जीएसटी क्रमांक बिलावर पडलाच पाहिजे, नाहीतर इनपुट क्रेडिट बुडतं. ‘बिल नको तर अठरा टक्के कमी’ या सौद्यात वॉरंटीची तारीख सिद्ध करायचा कागदच तुम्ही सोडून देता. त्याच दिवशी सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते पाहा. चार महिन्यांपूर्वीची तारीख दिसली तर बिल दाखवून ती दुरुस्त करून मिळते, पण ते लगेच करावं लागतं. अडॅप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो नसेल तर अडॅप्टर बदललेला आहे.

जुळवलेलं मशीन आणि वापरलेला लॅपटॉप

सुटे भाग घेताना मोठी फसगत होते ती प्रोसेसरच्या शेवटच्या अक्षरावर. इंटेलच्या नावाला ‘एफ’ असेल, जसं आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर काही येणार नाही. घरच्या आणि कार्यालयाच्या कामाला साधं आय५-१२४०० किंवा एएमडीचं रायझन ५ ५६००जी, ८ जीबीच्या दोन पट्ट्या आणि ५०० जीबीचा एनव्हीएमई एसएसडी पुरतो. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ४५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) भरपूर झाला. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट येणारा एसएमपीएस वापरू नका, तो जाताना बोर्डाला घेऊन जातो. बिलात ‘एक संगणक संच’ अशी एकच ओळ नको. प्रत्येक भाग वेगळा, त्याच्या सीरियल नंबरसह, कारण प्रत्येकाची वॉरंटी वेगळी आणि दावा वेगळ्या कंपनीकडे करायचा असतो. या मशीनसाठी विंडोज घ्यायचं तर ओईएमपेक्षा रिटेल परवाना जास्त दिवस उपयोगी पडतो, बोर्ड बदलला तरी.

कंपन्यांतून निवृत्त झालेले लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड ‘विंडोजशिवाय’ म्हणून विकले जातात. त्यांची गंमत अशी की त्यांतल्या बऱ्याच मशीनांचा परवाना आतच असतो. विंडोज ८ पासून कंपन्या की थेट बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये लिहितात. तीच आवृत्ती पुन्हा घातली आणि इंटरनेट जोडलं की ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ चालेल असंच मशीन पाहा: इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (फक्त अधिकृत सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय). सातव्या पिढीचं कितीही स्वस्त मिळालं तरी ते लिनक्ससाठीच घ्यावं. पैसे देण्याआधी बायोसमध्ये (मशीन सुरू होताच चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) शिरून पाहा. पासवर्ड मागितला तर मशीन सोडा. आणि विंडोज घातल्यावर सुरुवातीलाच कुठल्या तरी कंपनीचं नाव घेऊन लॉगिन मागितलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीतून सुटलेलं नाही. दुकानदाराला परत करा, दुसरा इलाज नाही.

पेन ड्राइव्ह आणि बायोस

चालू असलेला दुसरा एक संगणक लागतो, आणि ८ जीबीचा नावाजलेल्या कंपनीचा पेन ड्राइव्ह. रस्त्यावरचा स्वस्तातला ‘एक टीबी’वाला अर्ध्यातच दगा देतो. लिनक्ससाठी मिंट किंवा उबुंटूच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (सिस्टिमची पूर्ण प्रत) उतरवा: मिंटची तीन जीबीच्या आसपास, उबुंटू २४.०४ ची सहाच्या आसपास. मशीन नवं असेल तर त्या मालिकेतली सर्वांत ताजी उपआवृत्ती घ्या, कारण तिच्यात कर्नल नवा असतो आणि नवी वायफाय चिप, नवं ग्राफिक्स त्याशिवाय ओळखलं जात नाही. फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रूफस किंवा एचर या प्रोग्रॅमनं ती लिहावी लागते.

विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या पानावरचं मीडिया क्रिएशन टूल वापरा, किंवा आयएसओ घेऊन रूफस. हे करतानाच लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावर तुमचा सीरियल नंबर टाकून दोन ड्रायव्हर उतरवा, वायफायचा आणि इंटेल मशीन असेल तर रॅपिड स्टोरेजचा (डिस्क ओळखण्यासाठीचा), आणि उघडून पेन ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. डॉसच्या मशीनवर घरी अडकून पडणारे बहुतेक जण या दोन ड्रायव्हरांपाशी अडकतात.

पेन ड्राइव्हवरून सुरू करण्याचं बटण कंपनीनुसार बदलतं. डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, असूसवर एस्केप. एसरवर एफ१२, पण ते बऱ्याचदा बंद ठेवलेलं असतं. आधी एफ२ नं बायोसमध्ये जाऊन ‘एफ१२ बूट मेनू’ चालू करावा लागतो. बायोसमध्ये बूट पद्धत, म्हणजे मशीन सुरू करण्याची पद्धत, नवी ‘यूईएफआय’ आहे ना हे पाहून घ्या. डॉससाठी ती जुनी ‘लेगसी’ ठेवलेली असते कधीकधी, आणि तशीच राहिली तर विंडोज ११ चा इन्स्टॉलर मशीनच नाकारतो. सिक्युअर बूट बंद करायची गरज नसते, उबुंटू आणि मिंट दोन्ही त्याच्यासह सुरू होतात.

लिनक्स घालताना

मिंट आधी पेन ड्राइव्हवरून सुरू होतं. पडद्यावरच्या ‘इन्स्टॉल’ चिन्हावर दोनदा क्लिक करा. कीबोर्ड विचारला की ‘इंग्लिश, इंडिया, विथ रुपी’ निवडा, मग उजव्या ऑल्टसह ४ दाबलं की ₹ उमटतं. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा. डिस्कच्या पानावर ‘इरेज डिस्क’ निवडायला इथे हरकत नाही, पुसण्यासारखं फ्रीडॉसशिवाय काही नसतं. वेळेचा पट्टा कोलकाता. एसएसडीवर सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर पुढे ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून त्याचा ड्रायव्हर घालताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो. मशीन पुन्हा सुरू झालं की निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ येतं; तिथे तोच पासवर्ड टाकायचा. हा पडदा काही सेकंदच थांबतो आणि बरेच जण घाईत तो घालवतात. मग ड्रायव्हर बसतो पण चालत नाही, आणि दोष लिनक्सला लागतो.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांत ‘मराठी एनहान्स्ड इन्स्क्रिप्ट’ आणि ‘मराठी कागपा फोनेटिक’ अशा दोन सापडतात. युनिकोडमधलं सगळं नीट चालतं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांतल्या फाइली मात्र आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतील. प्रिंटरांत एचपीचे सहज जुळतात. आपल्याकडे प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा कॅननचा एलबीपी२९०० सर्वांत जास्त छळतो. तो घरात असेल तर आधी त्याचा विचार करा, मग लिनक्सचा.

विंडोज घालताना

यूएसबी माउस जोडून ठेवा, इन्स्टॉलरमध्ये टचपॅड चालत नाही कित्येकदा. की विचारली की तुमच्या परवान्याचीच आवृत्ती निवडा. प्रो घालून होमची की टाकली तर अ‍ॅक्टिव्हेट होत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. डिस्कच्या पानावर ‘एमबीआर’ असा शब्द असलेली चूक आली तर घाबरू नका, ती डॉसची विभागणी आहे. सगळे विभाग पुसा, फक्त ‘अनअलोकेटेड’ ठेवा आणि पुढे जा. नव्या मशीनवर पुसायला काही नसतं. वापरलेल्यावर आधी विचार करा.

डिस्कची यादीच रिकामी दिसली, तर अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल मशीनांवर त्याचं कारण जवळजवळ नेहमी व्हीएमडी ही इंटेलची डिस्क सांभाळणारी व्यवस्था असते. एसएसडी त्याच्यामागे दडलेला असतो आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. ‘लोड ड्रायव्हर’वर जाऊन आधी ठेवलेलं रॅपिड स्टोरेजचं फोल्डर दाखवा. दुसरा मार्ग म्हणजे बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं. एसरवर तो पर्याय लपवलेला असतो, ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर दिसतो. हे जे काही करायचं ते विंडोज बसवण्याआधी. नंतर बदललं तर मशीन निळ्या पडद्यावर अडकतं.

पुढे नेटवर्क मागणाऱ्या पानावर वायफायच दिसत नाही, आणि विंडोज ११ होम इंटरनेटशिवाय पुढे सरकत नाही. अँड्रॉइड मोबाइल केबलनं जोडा आणि ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. सिस्टिम उभी राहिली की विंडोज अपडेट आणि त्यातले ‘ऑप्शनल अपडेट’ पूर्ण होऊ द्या, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण उरली असेल तिथे कंपनीचा ड्रायव्हर घाला. वापरलेलं मशीन असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो घालून एसएसडी किती तास चालला आहे ते पाहा. मराठीसाठी भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, इन्स्क्रिप्टबरोबर ‘मराठी फोनेटिक’ही तिथेच मिळतो.

बायोसचं अपडेट आलं असेल तर ते बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असतानाच करा; जुळवलेल्या मशीनला यूपीएस हवाच. आपल्याकडे जुलैच्या पावसात वीज दिवसातून किती वेळा झपकते हे सांगायला नको, आणि बायोस अर्धवट लिहून बंद पडलेला बोर्ड सहसा सर्व्हिस सेंटरलाच न्यावा लागतो. डेल आणि थिंकपॅडचे बरेचसे बायोस अपडेट लिनक्समधूनच करता येतात. इतर मशीनांत फाइल पेन ड्राइव्हवर ठेवून बायोसच्या आतूनच ते करता येतं का ते पाहा.

सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आली आणि ‘आमच्याकडे विंडोज असेल तरच तपासतो’ असं उत्तर मिळालं, तर बायोसमधली तपासणी तिथेच चालवून दाखवा: एचपीवर एफ२, डेलवर एफ१२ च्या यादीतलं ‘डायग्नोस्टिक्स’. त्यात रॅम, डिस्क किंवा पंख्याची चूक निघाली की कोड मिळतो. तो कोड जॉबशीटवर लिहून घेतल्याशिवाय मशीन तिथे ठेवू नका.